तिचें माहेर कोठलें?

गेल्या महिन्यांतील एका रविवारची गोष्ट. रात्रींचीं जेवणें आटोपलीं होतीं. आमचा धाकटा पुतण्या गणिताचा विद्यार्थी. त्यानें दिवाणखान्यांतील पडद्यावर एका गणितज्ञाच्या चरित्रावरील इंग्रजी बोलपट लावला. प्रथम तो एकटाच पाहत होता. मग स्वयंपाकघर आवरून सुना आल्या, पाठोपाठ मुलें आलीं, आणि इंग्रजी बोलपटांचा ज्यांना मनापासून तिटकारा त्या आमच्या आत्याबाईहि कापूस घेऊन वाती वळीत कोपऱ्यांत येऊन बसल्या. पुतण्या मधून मधून त्यांस मराठींत कथा समजावून देत होता.

बोलपट होता 'ए ब्यूटिफुल माइंड'. २००१ सालीं अमेरिकेंत निघालेला, रॉन हॉवर्ड यांनीं दिग्दर्शिलेला, आणि पुढील वर्षीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मानासह चार ऑस्कर पारितोषिकें मिळविलेला. जॉन नॅश या प्रिन्स्टनच्या गणितज्ञाची ही कथा. ऐन तारुण्यांत कीर्ति, मग मनाचा भयंकर आजार, पत्नीची अढळ साथ आणि उतारवयांत नोबेल पारितोषिक. शेवट झाला तेव्हां सुनांनीं डोळे पुसले; पुतण्या कांहीं वेळ बोललाच नाहीं.

आत्याबाईंनीं मात्र हातांतली वात तबकांत ठेविली आणि विचारलें, "अरे, सगळें छान झालें, पण त्या बाईचें माहेर कोठलें? लग्न झालें, मूल झालें, नवऱ्याचें डोकें फिरलें, तिनें सारें निभावलें. पण ती कोणाची कोण, कोठून आली, हें कोणीं सांगितलेंच नाहीं."

सगळे हसले, आम्हीहि हसलों. नव्वदीच्या घरांतील बाईला दुसरें काय सुचणार, असेंच प्रत्येकाच्या मनांत आलें असावें. परंतु अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न कांहीं केल्या मनांतून जाईना. सिल्व्हिया नासर यांनीं १९९८ सालीं लिहिलेल्या नॅश यांच्या चरित्रावरून हा बोलपट बेतलेला आहे. पुतण्याकडून तो ग्रंथ मागून घेतला, आणि वाचून संपविला तेव्हां आमचें मत असें झालें कीं, आत्याबाईंच्या एका प्रश्नांत सबंध बोलपटाची परीक्षा सामावलेली होती. जें डोळ्यांस दिसणारें नव्हतें तें या बोलपटानें दाखविलें, आणि जें दिसणारें होतें तें झांकून ठेविलें. वाचकांपुढें आज हेंच मांडावयाचें आहे.

आधीं आत्याबाईंच्या प्रश्नाचें उत्तर देऊं. नॅश यांच्या पत्नीचें नांव अलीशिया लार्दे. तिचा जन्म १९३३ सालचा, मध्य अमेरिकेंतील एल् साल्वादोर या चिमुकल्या देशाची राजधानी सान साल्वादोर येथला. वडील वैद्यकीचा व्यवसाय करणारे, घरची भाषा स्पॅनिश. लहानपणींच आईबापांबरोबर ती अमेरिकेंत आली, आणि १९५५ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेंतून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडली. त्या काळीं तेथें विज्ञान शिकणाऱ्या मुलीच मूठभर. त्यांत परदेशांतून आलेली, निराळ्या भाषेच्या घरांत वाढलेली मुलगी म्हणजे अपूर्वाईच. त्याच संस्थेंत नॅश यांच्या वर्गांत ती शिकत होती, आणि १९५७ सालीं त्यांचा विवाह झाला.

बोलपटांत हें काम जेनिफर कॉनेली या अमेरिकन नटीनें केलें आहे, आणि त्याबद्दल तिला सहाय्यक अभिनेत्रीचें ऑस्कर मिळालें. तिच्या अभिनयाविषयीं आमची मुळींच तक्रार नाहीं. परंतु बोलपटांतील अलीशिया अमक्या देशाची, असें एका वाक्यानेंहि सुचविलेलें नाहीं. ती केवळ एक सुंदर, हुशार अमेरिकन तरुणी आहे. बोलपट निघाला तेव्हांच यावर टीका झाली होती. तीस उत्तर म्हणून कोणी म्हणेल, कथा नवऱ्याची आहे; बायकोच्या जन्मगांवाशीं प्रेक्षकाला काय कर्तव्य? हा युक्तिवाद वरवर पाहतां पटतो. पण चरित्र उघडून पाहिलें कीं त्यांतील पोकळपणा ध्यानीं येतो. १९५९ सालीं नॅश यांचें मन बिघडलें तेव्हां अलीशिया २६ वर्षांची आणि गरोदर होती. त्याच मे महिन्यांत मुलगा झाला. थोड्याच दिवसांनीं नॅश युरोपांत भटकूं लागले, अमेरिकेचें नागरिकत्व सोडण्याचा हट्ट धरूं लागले. त्यांना सांभाळण्यासाठीं तिलाहि जावें लागलें, आणि तें तान्हें मूल सांभाळलें तिच्या आईनें. म्हणजे ज्या माहेराचें नांव बोलपटानें पुसलें, त्याच माहेरानें तो संसार कठीण दिवसांत उचलून धरला होता. आत्याबाईंनीं हें पुस्तक वाचलेलें नाहीं. पण बाई संकटांत सांपडली कीं पहिला आधार कोठून येतो, हें त्यांना ठाऊक आहे.

आतां आजाराकडे वळूं. नॅश यांना झालेल्या विकारास इंग्रजींत स्किझोफ्रेनिया आणि आपल्याकडे छिन्नमनस्कता म्हणतात. नांवावरून पुष्कळांचा असा समज होतो कीं, एका देहांत दोन माणसें राहण्याचा हा रोग आहे. तसें नाहीं. विचार, भावना आणि भोंवतालचें जग यांची जुळणी यांत विसकटते. नसलेले आवाज ऐकूं येतात, नसलेले अर्थ दिसतात, आपल्याविरुद्ध कट चालला आहे अशी खात्री पटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणें जगांत सुमारें २ कोटि ४० लाख माणसें, म्हणजे दर ३०० माणसांत एक, या विकारानें ग्रस्त होतीं. बहुधा विशी-तिशीच्या वयांत, घरच्यांच्या सगळ्या आशा ज्यावर एकवटलेल्या असतात त्याच मुलावर किंवा मुलीवर, हा घाला पडतो.

नॅश यांची स्थिति अशीच होती. १९२८ सालीं जन्मलेला हा मुलगा १९५० सालीं, वयाच्या बाविशीच्या आंत, प्रिन्स्टनचा पंडित झाला. त्याचा प्रबंध अवघा २८ पानांचा. परस्परांशीं संगनमत न करतां खेळणाऱ्या खेळाडूंमध्यें अशी एक समतोल स्थिति असते कीं, एकट्यानें आपली चाल बदलून कोणाचाच लाभ होत नाहीं. हा त्यांतील मूळ विचार. पुढें अर्थशास्त्रानें तो डोक्यावर घेतला. परंतु तिशीच्या उंबरठ्यावर या बुद्धिमान माणसास वृत्तपत्रांतील मजकुरांत आपल्यासाठीं गुप्त संदेश दिसूं लागले. शिकागोच्या विद्यापीठानें मानाची जागा देऊं केली, तर आपण अंटार्क्टिकाचे सम्राट होणार असल्यानें ती स्वीकारतां येत नाहीं, असें त्यांनीं कळविलें.

बोलपटानें या सर्वांचें काय केलें? नॅश यांना प्रत्यक्षांत माणसें दिसत नव्हतीं. कांहीं वर्षांनीं त्यांना आवाज ऐकूं येऊं लागले एवढेंच. या विकारांत कानांचे भास डोळ्यांच्या भासांपेक्षां अधिक आढळतात. पण आवाज पडद्यावर कसा दाखवावयाचा? म्हणून पटकथाकारानें तीन माणसें निर्माण केलीं: एक खोलींतला जिवलग सोबती, एक लहान मुलगी आणि एक गुप्त सरकारी अधिकारी. अर्धा बोलपट संपेपर्यंत तीं खरीं नव्हेत याचा प्रेक्षकालाहि पत्ता लागत नाहीं. या युक्तीस आम्ही सरसकट दोष देणार नाहीं. आपण ज्याच्याशीं बोललों तो माणूस मुळांतच नव्हता, हें कळतांच जो हादरा बसतो, त्यामुळें रोग्याच्या मनाची दशा क्षणभर आपल्या मनास शिवून जाते. "एवढा शिकलेला माणूस, त्याला इतकें कसें कळत नाहीं?" असें विचारणाऱ्यांना यापेक्षां चांगलें उत्तर मिळणें कठीण. इतकेंच कीं, खऱ्या घरांत हा विकार असा नाट्यमय रीतीनें येत नाहीं. तो न्हाण्याचा कंटाळा, अभ्यासांतून उडालेलें लक्ष, रात्रभर लागलेला दिवा, शेजाऱ्यांविषयींचा अकारण संशय अशा क्षुल्लक वेषांत येतो. भिंतींतून चालत येणाऱ्या माणसाची वाट पाहत बसलेल्या आईबापांच्या तो ध्यानांतच येत नाहीं.

याहून गंभीर गोष्ट पुढें आहे. बोलपटांतील पत्नी पतीला एक दिवसहि सोडीत नाहीं, आणि तिच्या प्रेमाच्या बळावर तो सांवरतो. शेवटीं स्टॉकहोमच्या सभागृहांत तो पत्नीकडे पाहून भाषण करतो, तें ऐकून आमच्या घरांतील सर्वांनीं डोळे पुसले. असें भाषण तेथें झालेंच नाहीं. आणि विवाहाचा इतिहास तर अगदीं निराळा आहे. १९५९ सालीं अलीशियानें पतीस रुग्णालयांत ठेवण्याचा निर्णय घेतला. १९६१ सालीं त्यांना ट्रेंटन येथील सरकारी रुग्णालयांत ठेवून इन्सुलिननें बेशुद्ध करण्याचे उपचार केले गेले. पुढें ते उपचार जगभर सोडून देण्यांत आले. पतीनें याबद्दल तिला क्षमा केली नाहीं. १९६३ सालीं त्यांचा घटस्फोट झाला.

मग १९७० साल उजाडलें. नॅश यांना आईबाप उरले नव्हते, नोकरी नव्हती, घर नव्हतें. तेव्हां या घटस्फोटित पत्नीनें त्यांना आपल्या लहानशा घरांत, पति म्हणून नव्हे, तर एक बिऱ्हाडकरू म्हणून, राहावयास जागा दिली. ती स्वतः नोकरी करून घर चालवीत होती. दिवसभर नॅश प्रिन्स्टनच्या इमारतींतून हिंडत, फळ्यांवर अगम्य आंकडे लिहून ठेवीत; विद्यार्थी त्यांना तेथील भूत म्हणत. विद्यापीठानेंहि त्यांना हांकलून दिलें नाहीं. अशीं वर्षांमागून वर्षें गेलीं. त्यांतच मुलालाहि बापाचाच आजार जडला. तो गणितांत पंडित झाला, पण दुखणें सुटलें नाहीं; आणि तें ओझेंहि मुख्यतः तिच्याच खांद्यावर आलें. १९८० नंतरच्या वर्षांत नॅश हळूहळू शुद्धीवर आले. १९९४ सालीं जॉन हर्सान्यी आणि राइनहार्ट झेल्टन यांच्यासमवेत त्यांना अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. २००१ सालीं, म्हणजे बोलपट निघाला त्याच वर्षीं, त्या दोघांनीं पुन्हां विवाह केला. २०१५ सालच्या मे महिन्यांत नॉर्वेंतून आबेल पारितोषिक घेऊन परततांना, घराच्या वाटेवर मोटारीच्या अपघातांत दोघांचाहि एकदमच अंत झाला.

बोलपटानें यांतून घटस्फोट गाळला, मुलाचें दुखणें गाळलें, आणि पत्नीचा देश गाळला. जें उरलें तें एका सती-सावित्रीचें चित्र. सावित्रीची थोरवी आम्ही जाणतों. परंतु अशा चित्रांतून सामान्य घरांतील सुनेवर काय भार पडतो याचा विचार करावा. प्रेमानें रोग बरा होत असेल, तर जिचा नवरा बरा झाला नाहीं तिचें प्रेम कमी पडलें, असा त्याचा सरळ अर्थ होतो. खऱ्या अलीशियाची गोष्ट याहून अधिक अवघड आणि आमच्या मतें अधिक मोठी आहे. ती थकली, तिनें कायद्यानें संबंध तोडला, आणि तरीहि सात वर्षांनीं दार उघडलें. रोग बरा करण्याचें वचन तिनें दिलें नव्हतें. दोन वेळचें अन्न, डोक्यावर छप्पर आणि जबरदस्ती न करणारें घर एवढेंच तिनें दिलें. पुढें मानसिक रुग्णांच्या सोयींसाठीं तिनें जाहीरपणें खटपटहि केली.

औषधांच्या बाबतींत मात्र चित्रकर्त्यांची अडचण आम्हांस समजते. बोलपटांतील नॅश म्हातारपणीं म्हणतो कीं, आपण नवीं औषधें घेतों. वस्तुतः १९७० नंतर त्यांनीं या विकारावरील औषधें घेतलींच नाहींत. खरें सांगितलें तर बोलपट पाहून रुग्ण आपलीं औषधें बंद करतील, या भीतीनें तें वाक्य घातलें गेलें, असें पुढें खुद्द नॅश यांनीं सांगितलें. ही भीति खोटी नव्हे. औषधें एकाएकीं सोडल्यानें पुष्कळांचा आजार उलटतो, आणि नॅश यांच्याप्रमाणें औषधांवांचून सांवरणारीं माणसें असतात म्हणून आपल्या घरचा रुग्ण त्यांतलाच आहे असें ठरवितां येत नाहीं. तो निर्णय वैद्यांच्याच सल्ल्यानें व्हावयास हवा. तरीहि आम्हांस वाटतें, सत्य सांगून त्यापुढें हा इशारा देणें अधिक प्रामाणिक झालें असतें.

आपल्याकडेहि या विषयावर बोलपट झाला आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनीं २००४ सालीं काढलेल्या 'देवराई' मध्यें अतुल कुलकर्णी यांनीं अशाच एका रुग्णाचें काम केलें. तें कोणाचें चरित्र नव्हे, आणि त्यांत नोबेल पारितोषिकहि नाहीं. पण रुग्णाला सांभाळणाऱ्या बहिणीच्या घराची ओढाताण त्यांत झांकलेली नाहीं. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांनीं अवश्य पाहावा.

हें सारें आम्हीं आत्याबाईंना सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "म्हणजे तिलाहि आपल्या वहिनीसारखेंच केलें म्हणायचें." मग त्यांनीं जें सांगितलें, त्यांतील पुष्कळ भाग या वयांत आम्हीं प्रथमच ऐकला.

आमचे थोरले चुलते अप्पा संस्कृतांत पहिले येत. विशींत त्यांना आवाज ऐकूं येऊं लागले. आधीं नरसोबाच्या वाडीस नेऊन झालें. मग कोणीं सांगितलें, लग्न लावून द्या म्हणजे ताळ्यावर येईल. जवळपासच्या गांवांत बोभाटा झालेला, म्हणून तंजावरकडील मराठी घराण्यांतील मुलगी केली. तिच्या वडिलांस आजाराचा शब्दहि सांगितला नाहीं. तिच्या बोलण्याची चेष्टा करून घरांतील बायका तिला 'मद्राशी' म्हणत. माडीवरच्या खोलींत तिनें अप्पांना एकोणीस वर्षें सांभाळलें. पाहुणे आले कीं अप्पा काशीयात्रेस गेले आहेत असें सांगण्यांत येई. "आपल्या कुलवृत्तांतांत बघ," आत्याबाई म्हणाल्या, "अप्पांच्या पुढें 'विद्वान' लिहिलें आहे. आजार नाहीं. आणि वहिनीच्या माहेरची जागा कोरी आहे."

आम्हीं ग्रंथ काढून पाहिला. तसेंच आहे. मग अमेरिकेंतील चित्रकर्त्यांना कोणत्या तोंडानें बोल लावावयाचा? त्यांनीं दोन तासांच्या बोलपटांत जें केलें, तें आमच्या घराण्यानें एका ओळींत करून ठेविलें होतें.

योगायोग असा कीं, कुलवृत्तांताची नवी आवृत्ति निघत असून माहितीचे कागद आमच्या मेजावर आले आहेत. वहिनीच्या माहेरची ओळ आम्हीं त्याच दिवशीं भरली. अप्पांच्या आजाराविषयीं मात्र घरांत मतभेद झाला. वडील बंधु म्हणाले, "मुलीचें लग्न जमत आहे. छापील पुस्तकांत हें कशाला? दोन वर्षें थांबूं." त्यांची काळजी अनाठायीं नाहीं. या विकाराचा धोका जवळच्या रक्तसंबंधांत कांहींसा वाढतो, ही गोष्ट खरी आहे. पण ज्यांच्या आईस किंवा बापास तो आहे त्यांपैकींहि बहुसंख्य मुलांना तो होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे. दुर्दैवानें विवाह ठरवितांना पहिलें वाक्य सर्वांस आठवतें, दुसरें कोणासहि आठवत नाहीं.

वाद चालला असतां ती मुलगीच आंत आली. ती म्हणाली, "काका, मी त्यांच्या घरीं आधींच सांगितलें आहे." वडील बंधूंचा चेहरा उतरला. त्यांनीं विचारलें, "मग? काय म्हणाले?"

"त्याच्या आईनें एकच विचारलें, 'त्यांना सांभाळलें कोणीं?' मीं वहिनीआजींचें सांगितलें. तर त्या म्हणाल्या, 'त्यांचें नांव काय होतें?' आणि मला तें ठाऊकच नव्हतें."

खोलींत कोणी बोललें नाहीं. आत्याबाईंनीं तें नांव सांगितलें. आम्हीं कागद ओढून घेतला.